टॉलिव्हरचा चावा

मंडळी, माझ्या भिंगाखालून आजवर एकही खोटा ग्लोव्ह खरा होऊन बाहेर पडलेला नाही! ही फुशारकी नव्हे. फुशारकी मारायला बायको घराबाहेर असावी लागते, आणि माझी अर्लीन कायम घरात असते. मी आपली वस्तुस्थिती सांगतोय.

आमच्या पोर्ट हॅनलीत कुणालाही विचारा, मिल्टन ग्रुबरनं हो म्हटलं की हो! जुन्या बेसबॉल खेळाडूंच्या वस्तू जमवणारी माणसं ओहायोभर पसरलेली आहेत. कुणी टोप्या जमवतो, कुणी बॅटी. एक गृहस्थ तर फक्त डाव्या पायाचे बूट जमवतात, कारण उजवे त्यांच्या भावाकडे आहेत आणि दोघांचं बोलणं बंद आहे. या सगळ्यांना एकच काळजी असते : ही वस्तू त्या खेळाडूनं खरंच मैदानात वापरली होती, की त्याच्या मेव्हण्यानं गॅरेजमध्ये? ते मी सांगतो. मी वास घेतो, टाके मोजतो, जुन्या फोटोंशी ताडून बघतो, जांभळ्या दिव्याखाली धरतो. नवा दोरा असला की तो त्या उजेडात निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाच्या दातांसारखा चमकतो. मग मी लेखी दाखला देतो आणि विषय संपतो.

त्यातही अ‍ॅब टॉलिव्हर म्हणजे माझी खास जहागीर. टॉलिव्हर हा आमच्या पायलट्स संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला राखणदार, सन पन्नास ते एकोणसाठ. चेंडू त्याच्याकडे गेला म्हणजे पेटीत पत्र पडलं! आणि मी स्वतः त्या काळात आठ वर्षं संघाचं सामान सांभाळत होतो, त्यामुळे या विषयात माझ्यापुढे कोण बोलणार?

ब्याऐंशी साली आमच्या न्हाव्यानं एक ग्लोव्ह माझ्याकडे आणला, टॉलिव्हरनं त्याला स्वतःच्या हातानं दिलेला. भिंग लावलं. मनगटाजवळ जी चामड्याची वादी असते, तिच्या टोकावर चार खळगे. दातांचे! आणि मधल्या दोन खळग्यांत एक ऐसपैस फट. पुढे आणखी एक ग्लोव्ह आला. तिथेही चार खळगे, तिथेही फट. माझ्या अंगावर काटा आला. मी बत्तीस पानांची पुस्तिका लिहिली, ‘टॉलिव्हरचा चावा’. तिसऱ्या प्रकरणात माझं एक वाक्य आहे : ‘हा धीरगंभीर माणूस एकाही छायाचित्रात हसलेला नाही, त्याच्या मनातलं सगळं वादळ त्या एका वादीनं सोसलं.’ हे लिहून मी स्वतःच डोळे पुसले होते.

“कांदे चिरतेय मी,” अर्लीन म्हणाली होती.

त्या चाव्यावरून मी अकरा ग्लोव्ह खरे ठरवले. चावा आहे? टॉलिव्हर! चावा नाही? घरी घेऊन जा!

आता या वर्षी झालं असं, की पायलट्सचं जुनं मैदान पाडून तिथे दुकानं बांधायची ठरली. त्याची आठवण म्हणून काउंटीच्या वस्तुसंग्रहालयानं एक काचेचं कपाट ठेवायचं मनावर घेतलं. कपाटात टॉलिव्हरच्या ग्लोव्हला जागा एकच. आणि ग्लोव्हबरोबर कुणाचा दाखला हवा? बरोबर!

उद्घाटनाच्या आदल्या शनिवारी दुपारी आमचे दातांचे डॉक्टर पेटिग्रू आपला ग्लोव्ह घेऊन माझ्या खोलीत बसले होते. तीन वर्षांपूर्वी माझ्याच दाखल्यावर त्यांनी तो घेतला. त्या चाव्यावर त्यांचा भारी जीव! दवाखान्यात तो काचेत ठेवलाय, आणि पेशंटला तोंड उघडायला लावण्याआधी ते तो दाखवतात. “बघा, ह्याला म्हणतात चावा!” मी कपाटासाठी त्याचा नवा दाखला लिहायला घेतला, तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

“तुम्हीच का ते ग्रुबर?”

“मीच.”

“मी जोएलन टॉलिव्हर. माझ्या बापाचा ग्लोव्ह माझ्या बापाचा नाही, असं तुम्ही मला पत्रानं कळवलंत.”

“बाई, मी असं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं, ‘आढळलेल्या लक्षणांवरून संबंध प्रस्थापित होत नाही.’”

“कुणाचा? ग्लोव्हचा की माझा?”

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. उशीच्या अभ्र्यातून तिनं एक ग्लोव्ह काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला, जपून, एखादं झोपलेलं मांजर ठेवावं तसा.

“एकोणसाठ सालचा शेवटचा सामना. मी अकरा वर्षांची. बाबा मैदानातून सरळ कठड्यापाशी आले, हातातला ग्लोव्ह काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. गरम होता अजून! बाकी सगळं आईनं विकलं. हा एवढा मी पस्तीस वर्षं सांभाळला. आणि तुमचं पत्र आल्यावर माझा मोठा मुलगा मला विचारतो, ‘आई, तुला नीट आठवतंय ना?’ मला! हा ग्लोव्ह उद्या त्या कपाटात गेला पाहिजे, मिस्टर ग्रुबर. त्यानं डोळ्यांनी बघितला पाहिजे.”

मी तीन आठवड्यांपूर्वी पाहिलेला ग्लोव्ह पुन्हा पाहिला. माप बरोबर. बनावट बरोबर. रंग, वास, संघाचा शिक्का, सगळं बरोबर. पण वादी? तान्ह्या बाळाच्या हिरडीसारखी गुळगुळीत!

“चावा नाही, बाई,” मी हळहळत म्हणालो.

“चावा नाही म्हणजे टॉलिव्हर नाही!” डॉक्टर म्हणाले.

“हे कोण?”

“हे डॉक्टर पेटिग्रू. त्यांच्याकडे चावा आहे.”

“लस घ्या म्हणावं!”

डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांच्या डोळ्यांत एकदम शास्त्रीय चमक आली. “ग्रुबर, एक कल्पना! पुढच्या दातांतली फट ही खानदानी असते. बापाची मुलीत उतरते. बाई, जरा आ करा.”

“मी ग्लोव्हसाठी आलेय. दातांना माझा स्वतःचा डॉक्टर आहे.”

“विज्ञानासाठी हो!”

तिनं रागाच्या भरात ‘काय?’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टरांनी माझं भिंग तिच्या ओठांसमोर धरलंसुद्धा! दात मक्याच्या कोवळ्या कणसासारखे, एकाला एक चिकटून. फटीचं नावही नाही.

“आईवर गेल्या असतील,” डॉक्टर म्हणाले.

“माझ्या आईला मध्ये आणू नका! तुम्हाला बाबांचेच दात बघायचेत ना? हे घ्या!”

आणि तिनं पर्समधून तंबाखूची एक चपटी पत्र्याची डबी काढून टेबलावर आपटली. झाकण उघडलं. आत घडी घातलेल्या एका कागदावर गुलाबी रंगाची छोटी कवळी होती. वरचे, पुढचे, चार दात.

मी भिंग लावलं. सवय!

“एक्कावन्न सालच्या वसंतात,” जोएलन म्हणाली, “सरावाच्या वेळी जमिनीलगत येणारा चेंडू खड्यावर आपटून उसळला आणि बाबांचे चार दात घेऊन गेला. त्यांनी संघाला कळू दिलं नाही. ओठ फुटलाय म्हणून सांगितलं. सामना सुरू होण्याआधी ते ही कवळी काढून डबीत ठेवायचे आणि डबी आईकडे द्यायचे. नऊ मोसम माझी आई स्टँडमध्ये नवऱ्याचे दात मांडीवर घेऊन बसली!”

“म्हणून ते फोटोत हसत नसत?”

“हसले असते तर दिसलं असतं!”

“पण मी तर लिहिलंय, धीरगंभीर...”

“वाचलंय मी. तिसरं प्रकरण. दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आम्ही ते मोठ्यानं वाचतो.”

“मग इतकी वर्षं कळवलं का नाहीत?”

“कुणाला सांगायचं नाही म्हणून त्यांनी आम्हाला शपथ घातली होती. ती मी आज तुमच्यामुळे मोडली!”

मंडळी, माझ्या डोक्याचं त्या क्षणी काय झालं ते सांगता येत नाही. कुणीतरी सगळे खण उपसून जमिनीवर ओतावेत आणि वर दिवा बंद करावा, तसं काहीतरी. टॉलिव्हरला चावायला दात नव्हते. टॉलिव्हरच्या ग्लोव्हवर चावा होता. चावा नसलेला ग्लोव्ह टॉलिव्हरच्या मुलीकडे होता. मग चावलं कोण?

“माझा ग्लोव्ह पन्नास सालचा असेल!” डॉक्टरांनी आशेनं विचारलं. “दात पडायच्या आधीचा!”

मी आतला सालाचा ठसा पाहिला. “चौपन्न.”

“मग खालच्या दातांनी चावला!”

“आणि वरून?”

“हिरडीनं!”

“डॉक्टर, हिरडीनं खळगे पडतात?”

डॉक्टरांनी तो मुद्दा सोडून दिला. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर माणसाला हिरडीची कुवत माहीत असते.

“घरी कुत्रा होता?” मी जोएलनला विचारलं.

“होता. पण त्याला स्वतःची शेपटी सापडत नव्हती. तो अकरा ग्लोव्ह एकाच जागी मोजून चावला म्हणता?”

मी माझ्या फायली काढल्या. अकराच्या अकरा ग्लोव्हची मापं मी टिपून ठेवली होती. फट तीच! तंतोतंत! म्हणजे एकच इसम वर्षानुवर्षं पायलट्सच्या सामानाच्या खोलीत शिरून लोकांच्या वाद्या चावत होता! अहो, मी तेव्हा तिथेच कामाला होतो!

“खोलीची किल्ली कुणाकडे असायची?” डॉक्टरांनी विचारलं. ते आता पोलिसासारखे उभे होते.

“माझ्याकडे.”

“दुसऱ्या कुणाकडे?”

“दुसऱ्या कुणाकडेही नाही!” मी छाती ठोकून सांगितलं. “माझ्या नकळत तिथे माशीसुद्धा शिरत नव्हती!”

यावर दोघंही माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघायला लागले. मला वाटलं, कौतुक असेल.

इतक्यात अर्लीन आत आली. हातात ताटली, ताटलीत उद्याचा रोस्ट, त्याला सुतळीचे वेढे. “मिल्टन, गाठ!”

दर शनिवारचा हा रिवाज आहे. मांसाचा गोळा ती बांधते, शेवटची गाठ मी मारतो, कारण तिची सुटते. मी विचारात गढलेलो, त्यामुळे न बघताच काम उरकलं. डावा हात रोस्टवर दाबला, सुतळीचं एक टोक उजव्या हातात घेतलं, दुसरं दाताखाली धरलं आणि मानेला मागे एक झटका दिला. झाली गाठ! आता माझे दात डॉक्टरांनी बनवलेले आहेत, पण झटका माझा मूळचा आहे.

मान वर केली तर दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

“परत करा,” जोएलन म्हणाली.

“काय?”

“आत्ता केलंत ते.”

“झाली की गाठ! सुटायची नाही ती.”

“मिस्टर ग्रुबर, नवा ग्लोव्ह आला की तो मऊ कोण करायचं?”

“मीच की! नवा ग्लोव्ह लाकडासारखा असतो, खेळाडू हात लावत नाहीत. मी तेल लावायचो, खोबणीत चेंडू ठेवायचो, आणि आठवडाभर गच्च बांधून टाकायचो. डाव्या हातानं असा दाबून धरायचा, वादीचं एक टोक उजव्या हातात, आणि दुसरं...”

मी थांबलो.

“आणि दुसरं?”

“माणसाला हात दोनच असतात हो,” मी म्हणालो.

अर्लीननं ताटली सावकाश खाली ठेवली. “म्हणजे तो चावा ह्याचा? ह्याचा? अहो, ह्याच्या पुढच्या दातांत एवढी फट होती की लग्नाच्या दिवशी माझ्या बापानं विचारलं होतं, ‘ह्यातून वारा येत नाही का?’ थांबा!”

ती धावत गेली आणि दिवाणखान्यातला आमच्या लग्नाचा फोटो घेऊन आली. फोटोत मी हसतोय. हसण्यासारखं तेव्हा बरंच होतं. डॉक्टरांनी डोळ्याला भिंग लावलं, मग फोटोवरून ग्लोव्हवर, ग्लोव्हवरून फोटोवर. आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

“ग्रुबर,” ते खोल आवाजात म्हणाले, “हे दात मी ओळखतो.”

“कसे?”

“नऊ वर्षांपूर्वी मीच उपटले! माझ्या चिमट्यात होते हो! मी ते कचऱ्यात टाकले! आणि गेली तीन वर्षं मी काचेच्या पेटीत...”

“आमच्या मिल्टनचा चावा ठेवलाय,” अर्लीन म्हणाली. “मला विचारलं असतंत तर ताजा दिला असता. घरातल्या प्रत्येक पिशवीवर आहे.”

डॉक्टर खुर्चीत बसले. “पण ग्लोव्ह तरी टॉलिव्हरचाच ना? तुम्ही मऊ केला असाल, पण त्याच्यासाठीच ना?”

हा प्रश्न ऐकून मी उठलो. माझ्या कपाटात लूमिसचा ग्लोव्ह होता. लूमिस हा पायलट्सचा राखीव गडी. दोन मोसम त्यानं बाकावर बसून शेंगा सोलल्या. त्याचा ग्लोव्ह कुणी मागायला येत नाही, म्हणून त्याची वादी कधी बघायचा प्रश्नच आला नव्हता. आज बघितली. चार खळगे, मध्ये फट! मी सगळ्यांचेच ग्लोव्ह बांधत होतो!

“म्हणजे माझा ग्लोव्ह लूमिसचाही असू शकेल?” डॉक्टरांचा आवाज फुटला.

“लूमिसचाच असेल असं नाही,” मी धीर दिला. “त्याच्याहून वाईट दोघं होते.”

डॉक्टरांनी ग्लोव्ह उचलला, टोपी घातली आणि कुणाकडेही न बघता ते निघून गेले. पुढल्या महिन्यात माझी कवळी तपासायची होती. ती वेळ मी रद्द केली.

मग मला जोएलनच्या ग्लोव्हकडे तोंड वळवावं लागलं. सत्तावन्नच्या अखेरीला संघानं मला कामावरून काढलं होतं. कारण सांगत बसत नाही. ते सगळ्यांचे टॉवेल गुलाबी झाल्याचं प्रकरण. त्यानंतरचे ग्लोव्ह टॉलिव्हरनं आपले आपणच मऊ केले असणार. चावा नव्हता, कारण मी नव्हतो! मी शेवटच्या सामन्याचा फोटो फायलीतून काढला. टॉलिव्हरच्या हातातल्या ग्लोव्हवर, अंगठ्याच्या खाली एक टाका तिरका गेलाय. ग्लोव्ह पाहिला. तोच टाका, तसाच तिरका! शंकेला जागाच नाही. हे मी तीन आठवड्यांपूर्वीसुद्धा बघू शकलो असतो. पण चावा नाही म्हटल्यावर पुढे बघतो कोण?

“बाई,” मी म्हणालो, “हा तुमच्या वडिलांचाच आहे.”

तिनं त्या तिरक्या टाक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “मला माहीत होतं. तुम्ही आता ते लिहून द्या.”

मी लिहिलं. आयुष्यातला सर्वांत प्रामाणिक दाखला. चाव्याची हकीकत सगळी सांगितली, आधीचे अकरा दाखले मागे घेतले, टाक्याचं माप दिलं, सही ठोकली, आणि संध्याकाळच्या आत स्वतः नेऊन दिला.

तासाभरात वस्तुसंग्रहालयाच्या मिस हॉल्बर्ट यांचा फोन आला.

“मिस्टर ग्रुबर, तुमचे आधीचे अकरा दाखले चुकीचे होते, असं तुम्हीच लिहिलंय.”

“हो!”

“मग हा बारावा बरोबर कशावरून?”

“कारण हा खरोखर बरोबर आहे!”

“आधीचे देताना तुम्हाला काय वाटलं होतं?”

मी विचार केला. “तेही खरोखर बरोबर वाटले होते.”

“मग मला माफ करा,” त्या म्हणाल्या. “हा ग्लोव्ह टॉलिव्हरचा म्हणून कपाटात ठेवता येणार नाही. खोटं बोलला असतात तर ठेवता आला असता.”

जोएलनला हे कळवायला मी फोन उचलला तेव्हा अर्लीन शेजारी उभी होती, नाहीतर मी ठेवून दिला असता. जोएलननं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, “दात चालतील का त्यांना?”

“दात?”

“कवळीखाली जो कागद आहे ना डबीत, ती पावती आहे. दातांच्या डॉक्टरची. एक्कावन्न साल, बाबांचं नाव, शिक्का, सगळं.”

मिस हॉल्बर्ट एकदम विरघळल्या. पावती! शिक्का! नुसत्या माणसाच्या शब्दापेक्षा कितीतरी भक्कम! दात लगेच पसंत झाले. अडचण एकच उरली. कवळी नुसत्या काचेवर ठेवली तर घसरत होती. खाली काहीतरी मऊ, तपकिरी, जरासं खोलगट हवं होतं.

“मी आणते घरून काहीतरी,” जोएलन म्हणाली.

रविवारी उद्घाटन झालं. गाव लोटलं होतं. डॉक्टर पेटिग्रू मात्र आले नाहीत. कपाटात मधोमध ग्लोव्ह, ग्लोव्हच्या खोबणीत कवळी, आणि पुढे पाटी : ‘अ‍ॅब टॉलिव्हर यांचे दात. (खालचा ग्लोव्ह केवळ मांडणीसाठी.)’ जोएलनचा मोठा मुलगा काचेला नाक लावून किती वेळ बघत होता. दातांकडे नव्हे! त्यानं वळून आईचा दंड धरला, आणि तिनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली.

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण कपाटाच्या माथ्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘सामन्यात वापरलेल्या वस्तू’. माझ्यातला जाणकार उसळला! मी मिस हॉल्बर्टना गाठलं. म्हटलं, “बाई, हे साफ चूक आहे! सामन्याच्या वेळी हे दात टॉलिव्हरच्या तोंडात नसायचे, बायकोच्या मांडीवर असायचे!”

“हे तुम्ही लेखी देऊ शकाल?” त्यांनी विचारलं.

दिलं. चौकटीत लावून ते तिथेच टांगलंय, कधीही येऊन बघा. ‘हे दात एकाही सामन्यात वापरलेले नाहीत, याची मी खात्री देतो. मि. ग्रुबर.’ मंडळी, इतक्या वर्षांत मी दिलेल्या दाखल्यांपैकी तो एवढा एकच अजून कुणी परत केलेला नाही!